आगरतळ्याची शाळा

ताईनं मला आगरतळ्याला पाठवलं ते काही फिरायला नव्हे, भाचीला समजवायला. मुलगी बी.एस्सी. झालेली, बँकेची परीक्षा पास होऊन मुलाखतीला बोलावणं आलेलं, आणि ही निघून गेली त्रिपुरात, लहान मुलांची नाटकं शिकायला! तेही वर्षभर, वसतिगृहात राहून. ताईचं एकच म्हणणं, "अगं, पोरांच्या नाटकाला कसलं आलंय शिक्षण? शेपूट लावलं की झालं माकड!" खरं सांगायचं तर माझंही मत फारसं निराळं नव्हतं. तेव्हा २०१९ च्या फेब्रुवारीत शंकरपाळ्यांचा डबा नि मेतकुटाची पुडी घेऊन मी निघाले.

मुंबईहून कोलकाता आणि तिथून पुन्हा विमान. नकाशा उघडून बघा, त्रिपुराला तिन्ही बाजूंनी बांगलादेशानं वेढलंय. आगरतळा तर सीमेच्या इतकं जवळ, की अखौड्याच्या नाक्यावर रिक्षानं जाऊन यावं. गावाच्या मधोमध पांढराशुभ्र उज्जयंत राजवाडा, समोर तळी. १९०१ साली बांधून झालेल्या या राजवाड्यात आता राज्याचं संग्रहालय आहे. तिथली हातमागाची रिग्नाई, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र, बघता बघता माझा अर्धा दिवस गेला. भाची म्हणाली, "मावशी, तू मला न्यायला आलीस की खरेदीला?" म्हणजे पोरीनं ओळखलं होतं!

तिची शाळा म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं तिथलं केंद्र. पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, 'थिएटर इन एज्युकेशन', म्हणजे शिक्षणातलं नाट्य. विद्यार्थी विसेक, निरनिराळ्या राज्यांतले. ही कल्पना मूळची इंग्लंडातली. कॉव्हेंट्री गावातल्या बेलग्रेड थिएटरनं १९६५ साली नटांची एक टोळीच शाळाशाळांतून पाठवायला सुरुवात केली. हे लोक अर्धे नट, अर्धे शिक्षक. नाटक रंगात आलं की मुलांनाही त्यात ओढायचे आणि विचारायचे, बोला, आता पुढं काय करायचं? दिल्लीच्या विद्यालयानं १९८९ मध्ये मुलांसाठी अशी स्वतंत्र मंडळी काढली.

मी म्हटलं, "अगं, हे आपल्याकडे नव्हतं का? सुधा करमरकर बालरंगभूमीचा अभ्यास करायला अमेरिकेला गेल्या होत्या. परत येऊन १९५९ साली त्यांनी 'लिटल थिएटर' काढलं. 'मधुमंजिरी', 'अलबत्या गलबत्या'! चेटकिणीला घाबरून आम्ही खुर्चीखाली शिरायचो." भाची म्हणाली, "ते मलाही आवडतंच की. पण तिथं मुलं बघायला येतात. इथं आम्ही मुलांच्या वर्गात जातो. चेटकीण मी पहिल्याच महिन्यात केली होती इथल्या बालवाडीत. चार पोरं रडली आणि एक दाराबाहेर पळालं!" जे मुलांना हसवायला शिकत आले होते, त्यांना म्हणे आधी मुलांकडे बघायलाच शिकवलं. सहा वर्षांचं मूल किती वेळ एका जागी बसतं, अकरा वर्षांच्या मुलीला काय विचारलेलं आवडत नाही, आणि वर्गातल्या बाईंना आधी भेटून काय विचारून घ्यायचं. नाटक होऊन गेल्यावर पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसायचं, तेही यातच.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गावाबाहेरच्या एका शाळेत गेले. मुलं घरी कोकबोरोक बोलणारी, शाळेत बंगाली. आमच्या बाईसाहेबांना दोन्ही जेमतेम! एक त्रिपुरी मैत्रीण दुभाषी. रंगमंच नाही, पडदा नाही. बाकं सरकवून मधे जागा केलेली. गोष्ट साधी. आई कामाला जाते, धाकटा भाऊ तान्हा, तेव्हा मोठ्या मुलीनं शाळा सोडून त्याला सांभाळावं की काय? भाची झाली होती आई. कमरेवर चादरीचं गाठोडं, तेच तान्हं बाळ. एका क्षणी ती थांबली आणि मुलांना विचारलं, "मी काय करू?"

कोणी बोलेना. मी मागच्या बाकावर बसून अगदी कासावीस झाले. आपण घरी काय करतो? मुलानं उत्तर द्यायच्या आत आपणच दिलेलं असतं. मी असते तर दहा वेळा "सांग ना, सांग ना" केलं असतं. भाची मात्र उभीच. मग शेवटच्या रांगेतली एक बारकीशी मुलगी उठली, सरळ पुढं आली, भाचीच्या कमरेवरचं गाठोडं उचललं आणि 'बाबा' झालेल्या मुलाच्या हातात नेऊन ठेवलं. शब्द नाही की काही नाही. सगळा वर्ग खो खो हसला. मग हळूहळू हसू थांबलं. एक मुलगा काहीतरी तावातावानं बोलू लागला आणि त्यावर मुलींनी त्याला जे घेतलं फैलावर! त्यातलं अक्षरही मला कळलं नाही. पण भांडण कशावरून, ते कळायला भाषा लागत नाही.

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "तसं थांबायला शिकण्यातच तीन महिने गेले, मावशी."

रविवारी आम्ही उदयपूरला गेलो. राजस्थानातलं नव्हे, त्रिपुराची ही जुनी राजधानी, आगरतळ्याहून साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथं गोमती नदीकाठी भुवनेश्वरीचं जुनं देऊळ आहे. रवींद्रनाथांची 'राजर्षी' ही कादंबरी इथलीच. पुढं १८९० मध्ये तिच्यावरूनच त्यांनी 'विसर्जन' नाटक लिहिलं. देवळाच्या पायऱ्यांवर बळीचं रक्त बघून एक लहान मुलगी राजाला विचारते की हे एवढं रक्त कशाला, आणि राजा बळी बंद करतो. मला ठाऊक नव्हतं ते भाचीनं सांगितलं : ही गोष्ट प्रथम छापून आली ती 'बालक' नावाच्या मुलांच्या मासिकात, १८८५ साली. पायरीवर बसून आम्ही शंकरपाळे खाल्ले. तिथंच मी नोकरीचा विषय काढला. तिनं काही लपवलं नाही. शाळांतून नाट्यशिक्षकाच्या जागा थोड्या, पगार बेताचा, बाकी कामं मिळतील तशी. "बँकेत जास्त मिळतील, हे मलाही कळतं," म्हणाली. मग थोडं थांबून, "आई आजारी होती तेव्हा चौथीत मी दोन महिने घरी होते, दादूला सांभाळायला. आठवतं का तुला?"

मला आठवत होतं. डबा मीच द्यायला जायची. तिला मात्र तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

रात्री ताईला फोन लावला. "मग? येतेय का परत?" मी शाळेतलं नाटक सांगितलं, गाठोड्याचंही. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. माझ्या तोंडावर चार वाक्यं आली होती, ती गिळली. शेवटी ताई म्हणाली, "वर्ष संपायला अजून किती महिने आहेत?" आणि मग, "जेवणाचे हाल होत नाहीत ना तिचे? मासे खात नाही ती."

उदयपूरच्या त्रिपुरसुंदरी देवळापाशी, त्याला तिकडे माताबारी म्हणतात, पेढे छान मिळतात. ताईसाठी मी दोन डबे घेतले होते. एक भाचीनं आणि तिच्या मैत्रिणींनी वसतिगृहातच संपवला.