ढाली मागे राहिल्या



फ्रान्सच्या उत्तरेला सोम जिल्ह्यात क्रेसी नावाचे एक लहान गाव आहे. आबव्हिल शहरापासून वीसेक किलोमीटरवर. गावाबाहेर चढावर एक लाकडी मनोरा उभा आहे. पूर्वी तेथे पवनचक्की होती आणि इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने तिथूनच लढाई पाहिली, असे सांगतात. मनोऱ्यावर चढलात तर समोर तुमच्या ओळखीचेच दृश्य दिसेल, नांगरलेली राने आणि उभी पिके. पण याच उतारावर २६ ऑगस्ट १३४६ रोजी काही हजार पगारी शिपायांचा घात झाला.

हे शिपाई इटलीतल्या समुद्रकाठच्या जिनोआचे. त्यांचे हत्यार म्हणजे लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी ओढून खाचेत अडकवायची, बाण ठेवायचा, नेम धरायचा आणि खटका दाबायचा. बाण जोरकस जाई; चिलखतालाही त्याचे भय असे. ११३९ साली रोमच्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसांवर असे हत्यार चालवायला मनाई केली होती, यावरूनच त्याचा धाक कळावा. मनाई कोणी पाळली नाही, ही गोष्ट वेगळी.

पण या हत्याराला एक खोड होती. धनुष्याचे तोंड जमिनीकडे करून, पुढच्या रिकिबीत पाय रोवून, कमरेच्या आकड्याने दोरी ओढावी लागे. त्याला वेळ लागे. तो एक बाण सोडी तोवर इंग्रजांचा लांब धनुष्यवाला तीन-चार सोडी. म्हणून जिनोआकर पुरुषभर उंचीची ढाल पुढे रोवत आणि तिच्याआड बसून दोरी चढवत. ढाल हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग होता.

त्या दिवशी फ्रान्सच्या सहाव्या फिलिप राजाचे सैन्य आबव्हिलहून चालत आले. दिवस कलला होता, माणसे थकली होती. ढाली मागच्या सामानाच्या गाड्यांत होत्या. तेवढ्यात पावसाची सर आली. इंग्रजांनी धनुष्याच्या दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली कोरड्या ठेवल्या, जिनोआकरांच्या मात्र भिजल्या, असे त्या काळच्या एका इतिहासलेखकाने लिहून ठेवले आहे. अशा स्थितीत, ढालींची वाट न पाहता, त्यांना चढावर पुढे धाडले.

वरून बाणांचा वर्षाव सुरू झाला. आडोसा नाही, ते मागे फिरले. तेव्हा फ्रेंच सरदारांनी त्यांना भित्रे आणि फितूर ठरवून त्यांच्याच अंगावर घोडी घातली. मग तेच सरदार रात्र पडेपर्यंत पुन्हा पुन्हा त्या चढावर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. खुद्द राजाचा भाऊ गेला. बोहेमियाचा आंधळा राजा जॉन गेला. त्याच्या नावाचा दगडी क्रूस आजही तिथल्या शेताकडेला आहे. जिनोआकरांच्या नावाने मात्र दोष तेवढा उरला.

घाई राजाच्या गोटात झाली, किंमत पायदळाने मोजली. तेव्हा मंडळी, फवारणीला गडी धाडाल तेव्हा हातमोजे आणि तोंडाचे फडके घरी तर राहिले नाही ना, एवढे पाहा. काम बिघडले तर गड्याला बोल लावण्याआधी आपण त्याच्या हाती काय दिले होते, ते आठवा.