पत्रानं ठरलेलं पॅरिस

आमच्या काळी कोणी नुसतं पॅरिसला जात नसे. जायचं तर ‘युरोप’ला जायचं, लंडनपासून रोमपर्यंत सगळं एका दमात, कारण पुन्हा जाणं होईल याची कोणालाच खात्री नव्हती. त्यात पॅरिसच्या वाट्याला दोन दिवस यायचे. एकट्या पॅरिससाठी चार रात्री काढणारा माणूस नातेवाइकांना उधळ्या वाटायचा. आता भाचीची पिढी शनिवार-रविवारला काही रजा जोडते आणि खरोखरच चार रात्रींसाठी पॅरिस गाठते. एकच शहर, त्यातलाही मारे किंवा सँ-जेर्मांसारखा एखादाच भाग, पण मनापासून. प्रवासाची ही समज आमच्यापेक्षा नक्कीच चांगली आहे.

तरी ते ठरवण्याची आमची रीत आठवली की जीव हळहळतो. हॉटेलला पत्र जायचं. अलियाँस फ्रान्सेजमध्ये शिकणारं कोणीतरी ओळखीत शोधायचं, त्याच्याकडून चार ओळी फ्रेंचमध्ये लिहून घ्यायच्या. मोठ्या पोस्टातून इंटरनॅशनल रिप्लाय कूपन आणून पाकिटात घालायचं, म्हणजे उत्तराचा टपालखर्च तिकडच्या माणसावर पडत नसे. मग वाट बघायची. काही आठवड्यांनी उत्तर यायचं. त्यात भाडं फ्रँकमध्ये, न्हाणीघर सामाईक असल्याची सूचना, आणि एक छोटं कार्ड. त्याच्या मागे हॉटेलच्या आजूबाजूच्या चार गल्ल्या आणि मेट्रोचं स्टेशन छापलेलं. त्या चार गल्ल्यांवर घरातल्या सगळ्यांची बोटं फिरायची. कपाटातून पु. लं.ची ‘अपूर्वाई’ पुन्हा बाहेर निघायची. जो जाणार होता त्याच्याइतकंच, कधीच जाणार नव्हते त्यांनाही ते शहर थोडं थोडं मिळायचं.

आज खोली रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ठरते. पलंग केवढा, खिडकीतून छपरं दिसतात की मागची भिंत, लिफ्ट आहे का, सगळं आधी कळतं. अंधाऱ्या, कोंदट खोलीत फसायची वेळ येत नाही. पत्रानं ठरवलेल्या खोल्यांमध्ये ती बऱ्याचदा यायची, आणि तक्रार करण्याइतकं फ्रेंच आमच्याकडे नसायचं.

पैशांचं तर विचारूच नये. फिरायला जाणाऱ्याला सरकार मोजकेच डॉलर देई आणि त्यांची नोंद पासपोर्टवर होई. ट्रॅव्हलर्स चेक घेताना बँकेच्या माणसासमोर प्रत्येकावर एक सही करायची, वटवताना दुसरी. नंबर एका कागदावर उतरवून तो कागद वेगळ्या खिशात ठेवायचा. तिकीट काढलं तरी परतीच्या विमानाच्या तीन दिवस आधी कंपनीला फोन करून ‘मी येतोय’ असं कळवावं लागे, नाहीतर जागा जाण्याची भीती. या सगळ्यात जपणूक होती असं आज वाटतं. त्या वेळी ती निव्वळ धास्ती होती. कॉफीची किंमत बघून काफेच्या दारातून परतलेली आमची पिढी आहे.

पुढे एका व्हिसावर अनेक देश उघडणारा शेंगेन करार १९९५मध्ये अमलात आला, १ जानेवारी २००२ला युरोच्या नोटा हातात आल्या. आता रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात आणि कार्ड नुसतं टेकवलं की काम होतं. भाची एकटी जाते, कोणाच्या परवानगीशिवाय, स्वतःच्या पगारातून. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं पॅरिस नवऱ्याच्या कॉन्फरन्सवर अवलंबून होतं आणि बहुतेकींची ती कॉन्फरन्स कधी आलीच नाही. हे आठवलं की जुन्या दिवसांबद्दलचा माझा हळवेपणा जागीच थांबतो.

कोट मात्र आठवतो. गडद राखाडी, लोकरीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला. घराण्यात एकच. जो परदेशी निघेल त्याच्या अंगावर तो चढे. बाह्या लांब असल्या तर आत दुमडून टाके घालायचे, परत आल्यावर उसवायचे. त्या कोटानं किती शहरं बघितली याचा हिशेब मोठ्या आत्याकडे असे. भाचीची बॅग लहान, कपडे नेमके: काळी पँट, एक इरकलचं जाकीट, हवामान बघून घेतलेला स्कार्फ. ती आमच्यापेक्षा कितीतरी सुरेख दिसते. पण तिच्या जाकिटाच्या आधी ते कोणी घातलं होतं, हा प्रश्नच उरलेला नाही.

आणि खरी हळहळ पुढेच आहे. आम्हाला पोहोचणं अवघड होतं. पोहोचल्यावर दिवस मोकळा असे. मेट्रोच्या दहा पिवळ्या तिकिटांचा कार्ने घ्यायचा (मुंबईच्या लोकलसारखा तिथल्या मेट्रोलाही १९९१पर्यंत पहिला वर्ग होता) आणि मनात येईल तिथे उतरायचं. पाऊस आला म्हणून लूव्रमध्ये शिरायचं, पाय दुखले म्हणून एका चित्रासमोर बसून राहायचं. आता पोहोचणं सोपं झालंय आणि दिवस मात्र खणाखणांत वाटला गेलाय. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात. लूव्रला यायची वेळ आधी ठरवायची. जानेवारी २०२६पासून युरोपबाहेरून येणाऱ्याला ३२ युरो. ओरांजरीत मोनेची कमळं बघायचीही वेळ ठरलेली. गर्दी एवढी आहे की दुसरा उपाय नसावा, हे समजतं. कार्ने गेला, नाविगो कार्ड आलं. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागाही चेहऱ्याच्या आणि बोटांच्या नोंदीनं घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा निघालेल्या माणसाची खबर पोस्टकार्डानं यायची, अनेकदा तो माणूस परतल्यावर. मधले दिवस घरात कोणी धड झोपत नसे. तो त्रास पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण कार्ड आलं की आई ते शेजारी वाचून दाखवायला न्यायची.

भाची पुढच्या महिन्यात निघतेय. गुरुवार संध्याकाळ ऑर्से संग्रहालयाला, कारण त्या दिवशी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. शनिवारची दुपार आम्ही दोघांनी मिळून कोरी ठेवलीय: पाँ नफपासून सेनच्या काठाकाठानं, पुस्तकवाल्यांच्या हिरव्या पेट्या चाळत, जमेल तितकं. तिथेच एखादं पोस्टकार्ड घेऊन टाक, असं मी म्हटलं. तिनं लगेच फोन काढला.

“मामा, तुझा पिनकोड सांग.”