स्वतःविषयी चार शब्द

आपल्या व्यापारी घरांतील मुले-मुली आता दुकानाची गादी सोडून नोकरीच्या मुलाखतीसाठी जाऊ लागली आहेत. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावातूनही काही जण नागपूर-पुण्याकडे त्यासाठी जातात. बँकेतून सेवानिवृत्त झाल्यावर अशा मुलांची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे ओघानेच आले. त्यांचा अभ्यास चांगला असतो. अडखळतात ती पहिल्याच प्रश्नावर, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’.

उत्तर बहुधा पाठ केलेले असते. ‘मायसेल्फ अमुक. आय ॲम हार्डवर्किंग, डेडिकेटेड, ऑनेस्ट अँड अ टीम प्लेअर.’ इंग्रजीत ओळख ‘मायसेल्फ’ने करून देत नाहीत, ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणतात. ही सुधारणा सोपी आहे. पुढील विशेषणांचे काय, हा प्रश्न मात्र व्याकरणाचा नाही. तीच विशेषणे प्रत्येक उमेदवार सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात त्यांपैकी एकही राहत नाही.

कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या एका कुटुंबातील मुलगी माझ्याकडे येत असे. तिला मी विचारले, “हार्डवर्किंग म्हणतेस, पण केलेस काय?”

ती म्हणाली, “काका, दुकानाची उधारी मीच बघते. पेरणीच्या वेळी दिलेल्या बी-खताचे पैसे कापूस विकल्यावर येतात. तीन वर्षांपासून तो सगळा हिशेब मी संगणकावर ठेवते.”

“मग हे का सांगितले नाहीस?”

“आपणच आपली बढाई कशी मारायची? घरी तसे शिकवलेले नाही. आणि दुकानाचे काम तिथे सांगण्यासारखे आहे का?”

तिचा संकोच मला खोटा वाटला नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आत्मप्रशंसा व परनिंदा ही नीच गोत्राच्या बंधाची कारणे सांगितली आहेत. त्याच ठिकाणी, अंगी नसलेले गुण प्रकट करणे हाही दोष मानला आहे. पाठ केलेली विशेषणे या दुसऱ्या दोषाच्या फार जवळ जातात. उलट, विचारल्यावर केलेले काम जसेच्या तसे सांगणे यात मला आत्मप्रशंसा दिसत नाही. तो हिशेब आहे, आणि हिशेब मागितल्यावर तो लपविणे आपल्या परंपरेत बसत नाही.

तिचे उत्तर आम्ही असे बदलले: ‘आय हॅव केप्ट द क्रेडिट अकाउंट्स ऑफ अवर फॅमिली शॉप फॉर थ्री इयर्स.’ या एका वाक्यात चिकाटी, विश्वासूपणा आणि आकडेमोड तिन्ही येतात, विशेषण मात्र एकही नाही.

विशेषणे अजिबात वापरू नयेत, असे नाही. परंतु प्रत्येकामागे पुरावा असावा. ‘रिलायबल’ म्हणजे भरवशाचा; वडील गावाला गेले असता दुकानाची किल्ली कोणाकडे असते, ते सांगा. ‘मेटिक्युलस’ म्हणजे बारकाव्यांकडे लक्ष देणारा. साठा आणि नोंदवही यांतील फरक कसा शोधून काढला, ते सांगा. ‘ॲडाप्टेबल’ म्हणजे बदलाशी जुळवून घेणारा; जीएसटी २०१७ साली आला तेव्हा घरातील ज्या मुलांनी नवी बिले शिकून घेतली, त्यांना हा शब्द शोभतो. ‘ऑनेस्ट’ मात्र स्वतःसाठी वापरूच नये. तो दुसऱ्याने म्हणायचा शब्द आहे. उणीव विचारली असता ‘परफेक्शनिस्ट’ म्हणून सुटका करून घेणेही बरे नव्हे. खरी, सुधारता येण्याजोगी उणीव सांगावी आणि ती सुधारण्यासाठी काय चालले आहे, तेही सांगावे.

आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत अंतिम गुणवत्तेसाठी मुख्य परीक्षा ८० व मुलाखत २० असे प्रमाण धरले जाते. म्हणजे संकोचाची किंमत मोजावी लागते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलांना शब्दांच्या याद्या पाठ करायला लावू नका. त्यांनी घरी व दुकानात काय काय सांभाळले, ते एका कागदावर लिहून काढायला सांगा आणि त्याचे साधे इंग्रजी करून घ्या.

‘क्रेडिट’ या शब्दाचे मूळ विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पत आपण स्वतःला देत नाही, ती बाजार देतो, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको. मुलाखतीतही नोंदी आपण मांडाव्यात. शिल्लक समोरच्यांना काढू द्यावी.