पाण्याचा अडथळा

तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत २८ वेळा आडवे अडसर आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. आमच्या बीड जिल्ह्यात तर पाणी हाच जन्माचा अडथळा! आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्यांनी सुवर्ण मिळवलेच.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘शिकून काय दिवे लावणार?’ असे गावात विचारतात, तेव्हा मला ती शर्यत आठवते. तिथे अडसरावर पाय रोवून पुढे उडी घ्यायला नियमाची मुभा आहे. मला तेवढी पुरे.