वेलनेस वीक आणि स्टूल

चि. सोनूस,


तुझा ‘वेलनेस वीक’चा कच्चा आराखडा वाचला. सोमवारी योग, मंगळवारी आहारतज्ज्ञांचं व्याख्यान, बुधवारी ध्यान, शुक्रवारी सगळ्यांना कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली. योगाशी माझं भांडण नाही, पण पर्सोनेल खात्यात जन्म गेलेल्या मामाला विचारलंस म्हणजे उत्तर लांबणारच. चहा घेऊन बस.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली आपल्याच जवळपास ५००० कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्य तपासणी, व्यायामाचे वर्ग, वर बक्षिसं. दुसऱ्याला काहीच नाही. पुढे हिशेब मांडला, तर दवाखान्याच्या खर्चात किंवा गैरहजेरीत म्हणावा असा फरक निघाला नाही. गंमत म्हणजे या वर्गांना हौसेने आले ते मुळातच धडधाकट आणि कमी खर्चाचे लोक होते. तुझ्या सोमवारच्या योगवर्गात पहिल्या रांगेत कोण बसेल, ते तू आत्ताच नावानिशी सांगू शकशील. ज्याचा रात्री साडेनऊचा कॉल अकराला संपतो, तो त्या वर्गात नसेल.

ब्रिटनमध्येही २०२४ साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या २३३ संस्थांमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने तपासली. ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, ध्यानधारणा, झोपेचं अ‍ॅप असं काही घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसेना. थोडा अपवाद होता तो स्वयंसेवेच्या कामाचा. माणसाला ‘तू खंबीर हो’ म्हणायचं आणि कामाचा ढीग तसाच ठेवायचा, तर दुसरं काय होणार?

मग करायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर १८८४ सालीच लिहून ठेवलेलं आहे, आणि तेही गिरणी कामगारांनी.

गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवल्या. त्या सभांमधून जे निवेदन निघालं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. काम करताना इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार मिळावा, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय व्हावी. आज सल्लागार कंपन्या लाखो रुपये घेऊन ज्या चौकटी विकतात, त्यांतलं बहुतेक सगळं या एका कागदावर आहे. रविवार पदरात पडायला मात्र १८९० चा जून उजाडला. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. आपण रविवारी दहापर्यंत लोळतो ते या लोकांच्या जिवावर.

मालकांच्या बाजूनेही काही घडलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, तेव्हा देशात तसा कायदाही नव्हता. १९१५ मध्ये मोफत औषधोपचार, १९२० मध्ये पगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड. मॅनेजमेंटच्या वर्गात ही यादी मोठ्या भक्तिभावाने शिकवतात. शिकवत नाहीत ते एवढंच की त्याच १९२० साली जमशेदपूरला मोठा संप झाला होता. पुढे १९२२ ला झाला, १९२८ ला झाला. मालक भला असला तरी खालून कुणीतरी टेबलावर हात आपटावा लागतोच, असं माझं मत. तुझ्या कंपनीत युनियन नाही, म्हणजे तो हात आपटण्याचं काम काही अंशी तुझ्याकडे येतं. एचआरच्या खुर्चीला हे आवडत नाही, ठाऊक आहे.

आता स्टुलाची गोष्ट. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे काम चालू असताना टेकण्याची संधी मिळाली तर टेकता यावं. पण दुकानं कारखान्यात मोडत नाहीत. केरळात साड्यांच्या आणि दागिन्यांच्या बड्या दुकानांतल्या विक्रेत्या मुली अख्खा दिवस उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. पाणी बेताने प्यायचं, कारण स्वच्छतागृह नाही किंवा लांब आहे. कोळिकोडमध्ये विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईने ‘पेण्‌कूट्ट’ ही संघटना उभी केली. आधी झगडा स्वच्छतागृहासाठी, मग बसण्यासाठी. २०१८ मध्ये केरळने दुकाने कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूने तसंच केलं. एका स्टुलाला किंमत ती किती, पण त्यासाठी विधानसभेपर्यंत जावं लागलं! कारण प्रश्न पैशांचा नव्हताच. बसलेली बाई मालकाला रिकामी दिसत होती. तुमच्याकडे चॅटवरचा हिरवा दिवा विझला की साहेबाला माणूस रिकामा दिसतो, तेच हे.

भोसरीच्या एका कारखान्यात तिसऱ्या पाळीची जेवणाबद्दल कुरकूर असायची. कॅन्टीनचा स्वयंपाक संध्याकाळी सातला उरकायचा आणि रात्री दीडला तोच पानात पडायचा. उसळीवर साय धरलेली, चपातीचा पापड. सुपरवायझरची तक्रार वेगळीच: ‘रात्री दोननंतर पोरं चिडचिड करतात, साहेब, जरा समुपदेशनाचं बघा.’ कॅन्टीन कमिटीच्या बैठकीत तिसऱ्या पाळीचा एक वेल्डर रात्रीचा डबा घेऊनच आला. बोलला काही नाही; झाकण काढलं आणि डबा मॅनेजरसाहेबांच्या पुढ्यात सरकवला. पुढच्या महिन्यापासून एक आचारी रात्री अकराला यायला लागला, भात दीडला कुकरमधून थेट ताटात, पहाटे चारला आल्याचा चहा. समुपदेशनाचा विषय पुन्हा निघाला नाही. कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांत कॅन्टीन सक्तीचं होतंच, पण ते चालवण्यात कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशीही सोय त्याच कायद्यात होती, आणि खरा उपयोग झाला तो त्या दुसऱ्या सोयीचा.

पुण्यात २०२४ साली जे घडलं, ते तुला सांगायला नको. नोकरीला लागून चारच महिने झालेली एक तरुण मुलगी गेली आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. मृत्यूचं कारण काय हा वाद बाजूला ठेवू. त्या पत्रातली मला खुपलेली गोष्ट अशी की नव्या मुलीला ‘नाही’ कसं म्हणायचं हे माहीत नव्हतं. त्याच सुमाराला सुप्रिया सुळे यांच्या २०१८ च्या खासगी विधेयकाची लोकांना पुन्हा आठवण झाली. कामाच्या वेळेनंतर फोन किंवा मेलला उत्तर न देण्याचा हक्क त्यात मागितला होता. फ्रान्सने असा कायदा २०१७ च्या पहिल्या दिवसापासून लागूही केला आहे. आपल्याकडे होईल तेव्हा होईल.

तोपर्यंत तुझ्या हातात काय आहे ते बघ. व्याख्यात्यांना फोन करण्याआधी सिस्टिममधून थोडी माहिती काढ. कोणत्या मॅनेजरच्या टीममध्ये रजा साठून फुकट जातात? किती कॉम्प ऑफ नुसते कागदावर आहेत? रात्री नऊनंतरचे कॉल कुणाच्या वाट्याला सारखे येतात? ही माहिती बड्या साहेबांच्या बैठकीत ठेव, आणि मॅनेजरांच्या अप्रेझलमध्ये ती धरा म्हणून हट्ट धर. क्लायंट अमेरिकेत आहे, रात्रीचे कॉल बंद होणार नाहीत, हे मलाही कळतं. पण पाळ्या टीमने आपसात ठरवाव्यात आणि रात्री जागलेल्याने दुसऱ्या दिवशी बाराला यावं, कुणी भुवया उंचावू नयेत, एवढं जमण्यासारखं आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचे दोन तासही वाचतील. बाटल्यांचं बजेट उरलंच तर रात्रीच्या टीमला गरम जेवण दे. ते काय हवं ते त्यांनाच विचार. परस्पर पिझ्झा मागवू नकोस.

काही मॅनेजर तोंडावर ‘छान आहे’ म्हणतील आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज टाकतील. त्यांच्याशी एकेकट्याने बोल, सगळ्यांसमोर नको. आणि तुझे तिथले साहेब स्वतः कधी रजा घेतात, याची चौकशी कर. ते तापातही लॉगिन करत असतील तर तुझी पॉलिसी कितीही सुंदर असो, पोरं बघणार साहेबांकडेच.

मामी विचारतेय, यंदा गौरीजेवणाला येतेस ना? गेल्या वर्षी पुरणपोळी वाढली आणि तू लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलीस, ते ती अजून विसरलेली नाही. रजेचा अर्ज आजच टाक, आणि कॅलेंडरवर तुझ्या टीमला दिसेल असा टाक.

तुझा,
मामा