शॉप अ‍ॅक्ट आणि सोमवारची सुट्टी

आमच्या पिढीत दुकान काढायचं ठरलं की माल भरायच्या आधी कोर्ट फी तिकीट विकत घ्यावं लागे. ते अर्जावर चिकटवायचं, कागदपत्रांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची हिरव्या शाईतली सही मिळवायची, आणि मग मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ खालच्या नोंदणीसाठी खिडकीशी उभं राहायचं. लोक एवढंच विचारत, “शॉप अ‍ॅक्ट काढला का?” मुंबईकर त्यालाच गुमास्ता म्हणत.

आज मुलं घरबसल्या फॉर्म भरतात. १ जुलै २०२० पासून लघु-मध्यम उद्योगांसाठी उद्यम नोंदणी आली. तिला आधार, पॅन आणि ओटीपी लागतो, पैसे लागत नाहीत. त्याआधीच, दुकानांसाठीच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना दिली तरी चालेल, असं ठरवलं होतं.

हे चांगलंच झालं. साहेब दौऱ्यावर गेले की फाइल जागची हलत नसे. ओळख असलेल्याचं काम दुपारपर्यंत होई, ओळख नसलेला महिनोन्‌महिने हेलपाटे घाली. पापड-लोणच्यांचा धंदा काढू पाहणाऱ्या बाईला सोबत घरातला पुरुष लागे, आणि ‘चहापाणी’ वेगळंच. ते दिवस परत यावेत असं आम्हाला वाटत नाही.

तरीही कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला अर्जवाला आठवतो. मध्ये कार्बन घालून दोन कागद चढवायचा आणि विचारायचा, “दुकानाचं नाव?” घरात आठवडाभर वाद घालून ठरवलेलं नाव आपण परक्या माणसापुढे पहिल्यांदा मोठ्याने उच्चारायचो. तो ते एकेक अक्षर दाबून उमटवायचा आणि हमखास पुढे विचारायचा, “कसलं दुकान? चालेल ना त्या गल्लीत?” फॉर्ममध्ये नसलेला तो प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटे. आता नाव रकान्यात भरलं जातं, पावती मेलवर येते आणि फोनमध्येच राहते. पूर्वी नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून गणपतीशेजारी टांगत. आल्या-गेल्याला पेढा मिळे.

मात्र सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती सोमवारची. जुन्या कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं बंधनकारक केलं होतं. आमच्या गावात तो सोमवार. पाट्यांवर तसं रंगवलेलंच असे. गिऱ्हाइकाची अडचण व्हायची, रात्री औषध सोडून काही मिळायचं नाही, हे खरं. पण त्या दिवशी सगळी पेठ एकदम थांबायची. शेजारच्याने शटर उघडलेलं नाही म्हणून आपलंही उघडायची घाई नसे. आमच्यातल्या दुकानदारांच्या मुलांना वडील जेवताना समोर दिसत ते सोमवारीच.

नव्या कायद्यात दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. कामगाराला आठवड्याला सलग चोवीस तासांची सुट्टी द्यायची, असंही त्यात आहे, आणि ते योग्यच आहे. पण आज नोंदणी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींकडे कामगारच नाही. केक तीच करतात, डबा तीच पोचवतात, रात्री अकराला आलेल्या ऑर्डरला उत्तरही तीच देतात. १९४८ च्या कायद्याने दुकानाबरोबर मालकालाही घरी पाठवलं होतं. या मुलांना घरी पाठवणारं कलम कुठे नाही.