चाळिसावा सापळा

बिकानेरच्या पश्चिमेला, वाळूच्या टेकड्यांत, २०११ च्या मार्चमध्ये आम्ही दहा दिवस उंदीर पकडीत होतो. घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला? आपल्या माळ्यावर काय कमी आहेत?" तरीही तिने डबाभर दाण्याचे कूट बांधून दिले. खिचडीसाठी. ते सारे बाजरीत कालवून मी आमिष म्हणून वापरले, हे मात्र तिला अद्याप सांगितलेले नाही.

दिवसा भेटे तो जर्ड. १८६७ साली जर्डनने त्याच्या शास्त्रीय नावात हरियाणा घातला. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून तो असा पाही, की वाटे आता नावगाव विचारतो. पण माझा जीव जडला तो रात्रीच्या जर्बिलवर. पंचवीसेक ग्रॅमचा जीव, तळव्यांना केस, शेपटीच्या टोकाला गोंडा. पाणी जवळजवळ पीतच नाही. बियांतला ओलावा आणि अन्न जळताना शरीरात तयार होणारे पाणी यांवर भागवतो. उजाडले की बिळात शिरून आतून वाळूने दार लावून घेतो. बाहेरून ते दार ओळखू येत नाही. मला त्याचे फार कौतुक वाटे.

संध्याकाळी फोगाच्या झुडपांखाली ॲल्युमिनियमचे चाळीस सापळे लावायचे आणि उजाडताच उचलायचे. ऊन चढले की त्या डब्यांची भट्टी होते. सातव्या दिवशी मी एकोणचाळीसच उचलले आणि वहीत चाळीस लिहिले. बरोबरचा उंटवाला म्हणाला, "साब, एक कम है." मी म्हटले, "गिन लिये हैं मैंने." वडिलांच्या वयाचा माणूस, पुढे काही बोलला नाही.

दुपारी दोनला तोच सापळा घेऊन आला. तो उघडण्यापूर्वीच मला कळले. आत मादी होती. पोटाखालचे केस झडून आचळे उघडी पडली होती. पिल्ले अंगावर पीत असणार, आणि असणार ती जवळपासच.

आम्ही दोघे ऊन उतरेपर्यंत त्या झुडपाभोवती गुडघ्यांवर रांगत वाळू चाचपीत होतो. रात्रीची पावले वाऱ्याने केव्हाच पुसली होती. एकदा हाताखाली वाळू खचली, तेव्हा उंटवाल्याने श्वास रोखला. जुने, ओसाड बीळ निघाले.

अंधारू लागले तसा तो उठून उंटाकडे गेला. मी वहीतल्या चाळिसावर काट मारून एकोणचाळीस लिहिले. त्या रात्री सापळे लावले नाहीत.